आधी गळती शोधा, मग भिंतीला हात लावा

पत्राचा सारांश : एका वाचक ताईंच्या घरी झोपण्याच्या खोलीची एक भिंत बाथरूमला लागून आहे. तीन वर्षांपासून या भिंतीचा खालचा, साधारण कमरेपर्यंतचा भाग खराब होतो आहे. रंग फुगतो, पोपडे पडतात, आतून पांढरी पावडर निघते. दोनदा खरवडून, पुट्टी भरून रंग दिला, पण दोन्ही वेळा काही महिन्यांत पुन्हा तेच. पावसाळा असो नसो, फरक पडत नाही. रंगारी म्हणतो, वॉटरप्रूफ रंग मारा. गवंडी म्हणतो, सगळा गिलावा काढून नवा करा. यजमान म्हणतात, भिंतीवर पीव्हीसीची पॅनेल लावून टाकू, म्हणजे दिसायलाच नको. सहा आठवड्यांनी सासूबाई कायमच्या राहायला येणार आहेत. त्यांना दम्याचा त्रास आहे आणि ही खोली त्यांच्यासाठीच ठेवली आहे. शिवाय दाराच्या वरच्या कोपऱ्यातून एक तिरका तडा गेला आहे, त्याची धास्ती वाटते. बाहेरच्या खोलीत जुन्या खिळ्यांची भोकं आहेत ती वेगळीच. ताई विचारतात : तिघांपैकी कोणाचं ऐकू? पहिल्यांदाच चांगल्या प्रतीचा रंग घेतला असता तर ही वेळ आली नसती का? पाहुणे आले की त्या खोलीचं दार लावून घेते, असंही त्यांनी लिहिलं आहे.

ताई,

रंगाच्या प्रतीचा प्रश्न आधी घेते, कारण तो तुम्ही मनाला लावून घेतला आहे. नाही, महागातला रंग घेतला असता तरी हेच झालं असतं. तुमच्या रंगाऱ्यानेही बहुधा फसवलेलं नाही. त्याला भिंत रंगवायला सांगितली, त्याने ती रंगवली. ती आतून ओली का आहे, हे त्याला कोणी विचारलं नाही आणि ते त्याचं कामही नव्हतं.

तिघांचे सल्ले वरवर वेगळे दिसतात, पण तिघांनीही एकच गोष्ट धरून चाललेली आहे : बिघाड भिंतीच्या पृष्ठभागात आहे. एक तो झाकायला सांगतो, दुसरा बदलायला, तिसरा लपवायला. मला हे गृहीतच पटत नाही. तुमच्याच पत्रात तीन खुणा आहेत. पोपडे खालच्या भागात आहेत, पांढरी पावडर निघते आणि पावसाचा संबंध दिसत नाही. त्यात पलीकडे बाथरूम. म्हणजे भिंतीत कुठून तरी सतत पाणी येतं आहे. ते बंद होईपर्यंत तिघांपैकी कोणाचंच ऐकू नका, असं मी स्पष्ट सांगेन.

ती पांढरी पावडर म्हणजे लोणा. विटांमध्ये, वाळूत, सिमेंटमध्ये आणि पाण्यातही क्षार असतात. भिंतीत शिरलेलं पाणी ते विरघळवून सोबत घेतं आणि वातीतून तेल चढावं तसं बारीक छिद्रांमधून पृष्ठभागाकडे येतं. तिथे पाणी हवेत उडून जातं, क्षार मागे राहतात आणि त्यांचे स्फटिक होतात. हे स्फटिक रंगाच्या किंवा पुट्टीच्या थरामागे वाढायला लागले की थराला बाहेर ढकलतात. एखादा फुगा नखाने अलगद उचलून बघा. रंगाच्या पापुद्र्याच्या आतल्या बाजूला पुट्टी चिकटलेली दिसेल, आणि भिंतीवर कापसासारखी बारीक, खारट भुकटी. रंगाने भिंत सोडलेली नाही, त्याला आतून उचलून काढलं आहे.

वॉटरप्रूफ रंगाबद्दलची माझी हरकत यातूनच येते. आतल्या बाजूने पाणी अडवणारा थर दिला तर पाणी येणं थांबत नाही, फक्त त्याची बाहेर पडायची वाट बंद होते. मग ओल आणखी वर चढते किंवा बाजूला सरकते. काही दिवस भिंत छान दिसते आणि नंतर त्या जाड थराचे मोठमोठे पापुद्रे सुटतात. असे रंग पाणी ज्या बाजूने येतं त्या बाजूला द्यायचे असतात.

आता शोधमोहीम. त्यासाठी पहिल्याच दिवशी कोणाला बोलवायची गरज नाही. एक पेन्सिल घ्या आणि ओलीची कड जिथे दिसते तिथे भिंतीवर बारीक रेघ ओढा, शेजारी तारीख लिहा. ओल कमरेपर्यंत आहे हे तुम्ही लिहिलंत, पण ती बाथरूमच्या बाजूला जास्त आहे की भिंतभर सारखी, हे नीट बघा. दर तीन-चार दिवसांनी नवी रेघ. भिंतीवर रेघोट्या दिसतील, दिसू द्या. नाहीतरी हा भाग खरवडायचाच आहे.

तुमचं घर तळमजल्यावर आहे की वर, हे पत्रात नाही. वरच्या मजल्यावर असेल तर जमिनीतून ओल चढण्याची शक्यता निकालात निघाली. तळमजल्यावर असेल तर ती लक्षात ठेवा, पण जमिनीची ओल सहसा भिंतीच्या पूर्ण लांबीला, जवळपास एका उंचीवर चढते, बहुतेक वेळा मीटरभराच्या आत थांबते आणि शेजारच्या भिंतींनाही दिसते. फक्त बाथरूमच्या पाठीमागच्या तुकड्यातच ओल असेल तर संशय नळांवर, नहाणी ट्रॅपवर (फरशीवरचं पाणी जिथून जातं ते जाळीखालचं भांडं) आणि टाइल्सच्या सांध्यांवर घ्यायचा.

त्यात फरक कसा करायचा? पिण्या-वापरण्याच्या पाण्याची लाइन कायम दाबाखाली असते. तिला बारीकशी चीर असली तरी ती रात्रंदिवस गळते, त्यामुळे ओल सारखी राहते. सांडपाण्याचा पाइप आणि फरशी मात्र वापर होतो तेव्हाच गळतात. घरात दुसरं बाथरूम असेल तर आठवडाभर हे वापरूच नका आणि पेन्सिलीच्या रेघा बघा. कड कोरडी पडायला लागली, रंग फिका झाला, तर सांडपाण्याचा पाइप किंवा फरशी. काहीच बदल नाही, तर दाबाची लाइन. ही खात्री करायला पाण्याच्या मीटरचा उपयोग होतो : घरातले सगळे नळ बंद करा, फ्लशच्या टाक्या भरू द्या, मीटरचा आकडा टिपा आणि तास-दोन तासांनी पुन्हा बघा. आकडा सरकला असेल तर मीटरच्या पुढे कुठेतरी पाणी जातं आहे. मीटर नसेल आणि टाकी तुमची एकट्याची असेल तर रात्री टाकी भरून तिच्यात येणारं पाणी बंद करा, घरातले नळ वापरू नका, पातळी टिपा आणि सकाळी पुन्हा बघा.

फरशीवर संशय असेल तर नहाणी ट्रॅप प्लास्टिक आणि कापडाच्या बोळ्याने घट्ट बंद करा, उंबऱ्याच्या आत राहील इतकं इंचभर पाणी साठवा, पातळीला खूण करा आणि काही तास तसंच ठेवा. खाली कोणी राहत असेल तर त्यांना आधी कल्पना द्या. पातळी स्पष्ट उतरली किंवा भिंतीवरची ओल गडद झाली, तर फरशीखालचा वॉटरप्रूफिंगचा थर किंवा ट्रॅपभोवतीचा जोड गेला आहे. पातळी जागच्या जागी राहिली तर फरशी सुटली. मग ट्रॅप मोकळा करून दोन-तीन बादल्या पाणी एकदम सोडा आणि भिंत बघत राहा, म्हणजे खालच्या पाइपची परीक्षा होते. शॉवरचं पाणी आदळतं त्या टाइल्सचे सांधे आणि नळ भिंतीतून बाहेर येतो तिथली फट हीही बघून घ्या. ही जागा इतकी साधी असते की तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

आणखी एक परीक्षा, कारण क्वचित ओल बाहेरून येतच नाही, खोलीतल्या दमट हवेची वाफ थंड भिंतीवर जमते. पोपडे काढलेल्या जागी फूटभर लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून लावा आणि एक-दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला दव जमलं तर हवेतली वाफ. भिंतीकडच्या बाजूला जमलं तर पाणी भिंतीतून येतं आहे. हा तुकडा जपून ठेवा, पुढे पुन्हा लागेल.

हे सगळं झाल्यावर प्लंबरला बोलवा आणि टाइल्स फोडायच्या आधी लाइनची प्रेशर टेस्ट करायला सांगा. तो नळांची तोंडं बंद करून लाइनला हातपंप आणि काटा लावतो, पाणी दाबतो आणि काटा उतरतो का ते बघतो. काटा स्थिर राहिला तर लाइन ठीक आहे आणि तुमच्या टाइल्स वाचल्या. सांध्यांत नुसतं नवं ग्राउट भरून सगळं थांबेल असं कोणी म्हणालं तर लगेच मान डोलवू नका. साधं सिमेंटचं ग्राउट पाणी कमी करतं, पूर्ण अडवत नाही. अडवायचं काम टाइल्सखालच्या थराचं असतं.

इथून पुढचा भाग तुम्हाला आवडणार नाही. गळती बंद झाली म्हणजे भिंत कोरडी झाली असं नाही. भिंत वाळण्याचा एक जुना ठोकताळा आहे : जाडीच्या दर इंचाला, म्हणजे २५ मिलिमीटरला, साधारण एक महिना. तुमची भिंत साडेचार इंची असेल तर चार-पाच महिने. पलीकडे टाइल्स असल्यामुळे ती एकाच बाजूने वाळणार, आणि नऊ इंची असेल तर आणखी वेळ घेणार. हवा खेळती ठेवली, पंखा चालू ठेवला, खिडकी उघडी ठेवली तर थोडं लवकर होईल. हीटर लावून वरचा थर भराभर वाळवण्याच्या फंदात पडू नका. पृष्ठभाग कोरडा दिसतो आणि आत ओल तशीच राहते.

म्हणजे सहा आठवड्यांत ही भिंत रंगवून तयार होणार नाही. ती तयार करून देतो असं कोणी म्हणालं, तर तो तुमच्या दोन वेळच्या अनुभवाची तिसरी आवृत्ती देऊ करतो आहे.

मग सासूबाईंचं काय? मला वाटतं, तुमच्या पत्रातला खरा प्रश्न हाच आहे. भिंत कधी तयार होईल यापेक्षा त्या कुठे झोपतील हे आधी ठरवा. दमा असलेल्या माणसाला ओलसर खोलीत ठेवू नये. जागतिक आरोग्य संघटनेने ओल आणि बुरशी यांविषयी २००९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत ओलसर घरांत राहणाऱ्यांना दमा आणि श्वासाच्या तक्रारी जास्त असतात हे नोंदवलं आहे. त्यामुळे काही महिने खोल्यांची अदलाबदल करा. तुमची खोली त्यांना देऊन तुम्ही दोघं बैठकीत झोपलात तरी चालेल, पण भिंत वाळेपर्यंत ओलीच्या खोलीत कोणी कायम झोपू नये. सासूबाईंना आधीच कळवा की खोलीचं काम चालू आहे. त्या रागावतील या भीतीने भिंत घाईघाईने रंगवली, तर आतल्या ओलीचा त्रास त्यांनाच होईल. पाहुण्यांपुढे दार लावून घ्यायचीही गरज नाही. ओल आलेली भिंत म्हणजे घर नीट न ठेवल्याचा पुरावा नव्हे.

यजमानांच्या पॅनेलबद्दल. दरवर्षीच्या खर्चाला ते कंटाळले आहेत, आणि ते रास्त आहे. पण ओल्या भिंतीवर पॅनेल लावलं की मागे अंधार, ओल आणि कोंडलेली हवा, बुरशीला याहून चांगली जागा नाही. शिवाय गळती वाढली तरी दिसणार नाही आणि स्विचबोर्डपर्यंत पाणी पोचेल तेव्हाच कळेल. भिंत कोरडी झाल्यावर पॅनेल आवडत असेल तर खुशाल लावा. त्यांना विरोध करू नका, फक्त क्रम बदलायला सांगा. घरातलं भांडण बहुतेक या क्रमावरूनच असेल.

गवंड्याचं म्हणणं मात्र अर्धं बरोबर आहे. क्षारांनी भरलेला गिलावा काढावाच लागतो. काही क्षार हवेतला दमटपणाही शोषून घेतात, त्यामुळे गळती बंद होऊनही तो भाग दमट हवेत पुन्हा ओलसर होत राहतो. पण सगळी भिंत सोलायची गरज नाही. छिन्नीच्या मुठीने किंवा लाकडाच्या तुकड्याने भिंत वाजवत जा. पक्का गिलावा टणक आवाज देतो, सुटलेला बद्द वाजतो. बद्द वाजणाऱ्या भागाभोवती खडूने रेघ ओढा. त्यात ओलीच्या सर्वांत वरच्या खुणेच्या वरचा फूटभर भाग मिळवा. एवढंच काढायचं. हे काम गळती बंद झाल्यावर लगेच करा, वाळण्याची वाट बघत बसू नका. गिलावा निघाला की विटा उघड्या पडतात आणि भिंत मोकळी वाळते. उघड्या विटांवर येणारा लोणा कोरड्या ब्रशने झाडा, भुकटी केरसुणीने गोळा करून घराबाहेर टाका. पाण्याने धुतलात तर क्षार विरघळून पुन्हा आत जातील. काही आठवडे लोणा येत राहील, झाडत राहा. तो यायचा थांबला आणि प्लास्टिकच्या तुकड्याखाली दोन दिवस दव जमलं नाही, की समजा भिंत तयार आहे.

नव्या गिलाव्यासाठी सिमेंट जास्त घातलं तर मजबूत होईल हा समज फार पक्का आहे आणि चुकीचा आहे. आतल्या भिंतीला एकास चार ते एकास सहा, म्हणजे एक भाग सिमेंटला चार ते सहा भाग वाळू, एवढं पुरतं. सिमेंट वाढवलं की गिलावा वाळताना जास्त आकसतो आणि तडकतो. वाळू धुतलेली, खारटपणा नसलेली असावी, नाहीतर क्षार आपणच आत भरतो. जुन्या गिलाव्याच्या कडा छिन्नीने सरळ कापून घ्या. कड उतरती राहिली तर नवा थर तिथे कागदाइतका पातळ होतो आणि आधी तिथूनच सुटतो. विटांच्या सांध्यांतला भुसभुशीत झालेला माल खरवडा, धूळ झाडा, मग पाणी शिंपडून विटा ओलसर करा, निथळत्या नकोत. जाडी एका थरात १२ ते १५ मिलिमीटरच्या वर जाऊ देऊ नका. खड्डा खोल असेल तर दोन थर द्या आणि पहिला थर करणीने ओरखडून ठेवा. पुढे किमान सात दिवस पाणी मारायचं. मग पुन्हा थांबायचं, कारण नवा गिलावा ओला तर असतोच, शिवाय अल्कधर्मीही. तेलकट रंग त्यावर लवकर दिला तर खराब होतो. साधारण महिनाभर जाऊ द्या.

तुमचं घर जुनं असेल, भिंती चुन्याच्या किंवा मातीच्या असतील, तर हे लागू नाही. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा घट्ट थर दिला की आतली ओल बाहेर येऊ शकत नाही आणि आतला मऊ चुना झडत जातो. तिथे चुन्याचाच गिलावा आणि चुन्याचं काम येणारा गवंडी लागतो. पीओपीची मलमपट्टी ओलीच्या जागी कुठल्याच घरात करू नका. ते पाण्याने मऊ पडतं. पुट्टीचे दोन पातळ थर पुरेत, दोन्ही मिळून दीड मिलिमीटरच्या आसपास. खड्डे पुट्टीने बुजवणं हे आपल्याकडच्या कामांतलं सर्वांत मोठं पाप आहे असं मला वाटतं. खड्डा गिलाव्याने भरायचा, पुट्टी फक्त गुळगुळीत करायला. आधीच्या दोन्ही खेपांना तुमच्याकडे किती जाड पुट्टी बसली होती, ते निघालेल्या पापुद्र्यांवरून तुम्हालाच दिसेल. नंतर प्रायमर आणि पहिलं वर्षभर साधा, वाफ बाहेर जाऊ देणारा रंग.

आता तो तडा. दार-खिडकीच्या कोपऱ्यावर भिंतीतला ताण एकवटतो, म्हणून तिथून तिरके तडे जाणं फार सर्रास आढळतं, आणि बहुतेक वेळा ते गिलाव्यापुरते असतात. तरी बघितल्याशिवाय भरू नका. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी खूण करा, तारीख लिहा, सर्वांत रुंद जागी पट्टीने मोजा. भिंतीच्या पलीकडच्या बाजूला त्याच जागी तडा आहे का, हेही बघा. दोन-तीन महिने टोकं खुणेच्या पुढे गेली नाहीत आणि रुंदी मिलिमीटरच्या आत राहिली तर काळजीचं कारण नाही. मग पुट्टीच्या पात्याच्या टोकाने तो इंग्रजी व्हीसारखा उघडायचा, धूळ काढायची, लवचिक ॲक्रिलिक फिलर भरायचं, त्यावर जाळीची पट्टी आणि वरून पुट्टी. नुसती पुट्टी भरली तर ती पुन्हा चिरते, कारण ती कडक असते आणि तडा ऋतूप्रमाणे थोडा उघडतो-मिटतो. कॉलम आणि वीटकाम जिथे भेटतात तिथल्या सरळ उभ्या किंवा आडव्या भेगांचंही असंच आहे. काँक्रीट आणि वीट वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात-प्रसरतात, त्या सांध्यावर जाळी हवीच.

पण तडा पाच मिलिमीटरच्या वर असेल, वाढत असेल, दोन्ही कडा एका पातळीत नसतील, किंवा दार अचानक अडकायला लागलं असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, गवंड्याला नव्हे. बीम, कॉलम किंवा स्लॅबवर सळईच्या रेषेत तपकिरी डागाची भेग दिसली तर थांबूच नका. आतली सळई गंजते आहे, गंजलेलं लोखंड मूळच्यापेक्षा कितीतरी पट जागा व्यापतं आणि वरचं काँक्रीट फोडून काढतं. त्यावर गिलावा थापून घेणं म्हणजे धोका झाकून ठेवणं. तुमच्या पत्रावरून तसं वाटत नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या घरी ते असेल.

खिळ्यांची भोकं हे तुमच्या यादीतलं सोपं काम आहे. सुटलेला प्लॅस्टिकचा गट्टू काढा, धूळ फुंकून टाका (डोळे मिटून), आत ब्रशने थेंबभर पाणी लावा, फिलर थोडं फुगीर भरा. ते वाळताना बसतं, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडं भरा आणि पॉलिश पेपरने घासा. एका रविवारचं काम. सासूबाई यायच्या आत काहीतरी पूर्ण झाल्याचं समाधानही मिळेल, आणि त्या वेळेला ते फार लागतं.

खरवडताना आणि छिन्नी मारताना जपा. जुन्या घरांतल्या जुन्या रंगांत शिसं असू शकतं. असे थर कोरडे घासू नका, पाण्याचा हात देऊन घासा, आणि खोलीत मुलं, गरोदर स्त्री किंवा दम्याचा माणूस नको. नाका-तोंडाला साधा रुमाल बांधून भागत नाही, बारीक धूळ अडवणारा मास्क घ्या. बुरशीचा काळा पट्टा दिसला तर तो कोरडा झटकू नका, ओल्या फडक्याने पुसा, आणि तो मीटरभराहून मोठा असेल तर जाणकार माणसाकडून काढून घ्या. ओल्या भिंतीत स्विचबोर्ड असेल तर सगळ्यात आधी मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा. छिन्नी मारायच्या आधी वायर कुठून गेली आहे तेही त्यालाच विचारा. बहुतेक ठिकाणी ती बोर्डापासून सरळ वर किंवा सरळ आडवी जाते, पण भरवशावर राहू नका.

माणसं ठरवताना प्लंबर, गवंडी आणि रंगारी यांचं काम एकदमच एकाला देऊन टाकण्याचा मोह होतो, कारण डोक्याला ताप नको असतो. एकाला द्या, पण तीन टप्प्यांत पैसे ठरवा. गळती थांबल्यानंतर पहिला, गिलावा झाल्यानंतर दुसरा, भिंत वाळून रंग झाल्यानंतर तिसरा. मधल्या महिन्यांत तो दुसऱ्या कामावर जाईल, त्याची तक्रार करू नका, ती थांबायची वेळ आहे हे आधीच बोलून घ्या. पाइप उघडा पडेल तेव्हा जवळ मोजपट्टी धरून, फरशीपासूनचं आणि कोपऱ्यापासूनचं अंतर दिसेल असे फोटो काढून ठेवा आणि नवा जोड बंद करायच्या आधी प्रेशर टेस्ट पुन्हा करून घ्या. हे फोटो यजमानांच्याही फोनमध्ये असू द्या. पुढे त्या भिंतीत कधी खिळा मारायचा झाला किंवा पॅनेलसाठी भोकं पाडायची झाली तर पाइप कुठे आहे ते कोणाला आठवत बसावं लागणार नाही.